सुरयांच्या दिवसांत

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला, सुतळी सोडली, लाल पेनाचं टोपण काढलं, की मला समुद्राचा वास येतो. मोताळ्यात बसून. इथून समुद्र दोन गाड्या बदलून दीड दिवसाच्या वाटेवर. एप्रिलमध्ये इथे वास असतो तो गच्चीवर वाळणाऱ्या ज्वारीच्या पापडांचा, म्हणजे बिबड्यांचा, तापलेल्या पत्र्यांचा, फार तर बाजारातून परत आलेल्या शिळ्या मेथीचा. तरी मला येतो तो खारा, ओल्या दगडाचा आणि पक्ष्यांच्या विष्ठेचा वास. त्याच्याबरोबर एक लाज येते. इतकी वर्षं झाली, पण ती जुनी व्हायला तयार नाही.

मी इथल्या एका शाळेत शिकवते. आमचे हे भाजीपाला पिकवतात. वांगी, कारली, कोथिंबीर. आम्हाला एकच मुलगी, कोमल. बी.एस्सी.पर्यंत ती बुलढाण्याला होती. दर शनिवारी राजूर घाट उतरून घरी यायची आणि सोमवारी पहिल्या एसटीने परत चढायची. पुढे तिने पक्ष्यांचा अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा हे म्हणाले, "पाखरं तं आपल्या वावरातबी लय हायेत. त्याइचाच कर ना अभ्यास." ती हसली. मीही हसले. मग ती कोकणात निघून गेली. मालवणच्या बाजूला समुद्रावर एक कडा होता. त्या कड्याच्या कपारींत सुरया नावाचे समुद्रपक्षी अंडी घालत. तिच्या सरांनी तिला तिथे बसवलं होतं. बसवलं म्हणजे खरोखरच बसवलं. सकाळपासून दुर्बीण लावून बसायचं आणि कोणती सुरय कधी आली, कधी गेली, ते लिहायचं.

पहिल्या वर्षी ती रोज संध्याकाळी फोन करायची. मी भाकरी थापता थापता फोन कानाला धरायची, पिठाचे हात फोनला लागायचे. ती सांगायची आणि मी नुसती हाव, हाव म्हणायची. मला वाटे, समुद्र तिकडे आहे, पण मुलगी इथेच आहे, माझ्या कानाशी.

दुसऱ्या वर्षी पेपर तपासून दिले, निकाल लावला आणि मी एकटीच निघाले. ह्यांना कारली सोडून येता येत नव्हतं. पिशवीत बिबड्या, कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि तिळाचं कूट. कोमलला बिबडीचं ओलं पीठ आवडायचं, तेही एका डब्यात घेतलं होतं. वाटेत ते आंबलं.

गाडीतून उतरले तर कोमलच्या शेजारी एक बाई उभी. सावळी, काटक, केसांत अबोलीचा गजरा. तिने माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. कोमल तिला म्हणाली, "आये, ही माझी आई."

मी शिक्षिका आहे. एका अक्षराचा फरक मला लगेच ऐकू येतो.

ती सुनंदाबाई. कोमल तिच्याच घरात खोली घेऊन राहत होती. नवरा नव्हता, एक मुलगा गोव्यात हॉटेलात कामाला. घर लहान होतं, जांभ्या दगडाचं. पुढे सारवलेलं अंगण आणि मागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दोन झाडं. जेवायला बसलो तर कोमलने ताट पुढे सरकवून म्हटलं, "आये, माका कुळथाची पिठी वाढ गे." मी ताटावरून मान वर केली. आमच्या घरात जी मुलगी 'मले भूक लागून राह्यली' म्हणत स्वयंपाकघरात शिरायची, तिच्या तोंडातून ते 'माका' इतकं सहज निघालं होतं की ती तिथेच जन्मली असावी असं वाटलं. पुण्यामुंबईची भाषा उचलली असती तर मला राग आला नसता. ती तर मीही शाळेत बोलते. पण हे दुसऱ्या कुणाच्या तरी चुलीजवळचं बोलणं होतं.

मग पिठीबरोबर तळलेला मासा आला. आमच्याकडे मासे शिजत नाहीत. कोमलने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "आई, मी खाते आता. तुले चालन ना?"

"मले काय करायचं," मी म्हटलं. पण त्या माशाचा काटा तिने इतक्या सराईतपणे बाजूला काढला, की तो मलाच कुठेतरी लागला.

पहिल्या सकाळी ती मला कड्यावर घेऊन गेली. सडा म्हणतात तिकडे, म्हणजे काळ्या-तांबड्या दगडाचं सपाट माळरान. पायाखाली चरचर गवत, एकही झाड नाही. आपल्याकडचंच एखादं उजाड माळरान वाटावं, आणि चालता चालता ते एकाएकी संपतं. पुढे काही नाही. खाली समुद्र. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो असा, वरून. कोमलने माझा हात घट्ट धरला होता. त्या दहा-पंधरा मिनिटांत मला कुणाचाही हेवा वाटला नाही.

कड्यापासून थोडा सुटून एक सुळका पाण्यात उभा होता. त्याच्या कपारींतून आणि मधल्या टप्प्यांवर सुरया बसल्या होत्या. पाठ काळसर, पोट पांढरं, कपाळावर पांढरी रेघ भुवईसारखी मागे गेलेली. वारा एवढा, की माझा पदर आणि कोमलची ओढणी अंगाला चिकटलेली. त्या मात्र वाऱ्यावर नुसत्या टेकून असल्यासारख्या तरंगत आणि एकदम कपारीत शिरत. ओरडणं सतत. शाळा सुटताना होतो तसा कल्ला, फक्त न संपणारा.

"वर्षभर ह्या खोल समुद्रावरच असतात," कोमल सांगत होती. "जमिनीले पाय लावतात ते फक्त अंड्यासाठी. एका जोडीचं एकच अंडं. दगडाखाली सावलीत ठेवतात, नाहीतर उन्हानं शिजून जाईन."

"अन् दोघं कुठं गेले तं?"

"दोघं नाही जात. एक बसते, एक जाते."

तिने दुर्बीण माझ्या डोळ्यांना लावली आणि कपार दाखवली. दगडाखाली अंधार होता. अंधारात एक डोळा चमकत होता. मी खूप वेळ पाहत राहिले. मुलगी काय करते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि ती किती चांगलं करते, हेही. वहीत ती बारीक अक्षरात लिहीत होती. ते अक्षर माझ्या हाताखाली घोटलेलं होतं. तेवढं तरी माझं आहे, असं वाटून बरं वाटलं.

परत आलो तर सुनंदाबाई पायरीवर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसलेली. कोमल तिच्या पुढ्यात जाऊन बसली आणि डोकं मागे टेकवलं. वाऱ्याने झालेला केसांचा गुंता सुनंदाबाई बोटांनी सोडवत होती, तेल जिरवत होती. बारावीपासून कोमलने मला केसांना हात लावू दिला नव्हता. "तू लय ओढते," म्हणायची. मी आत जाऊन पिशवीतल्या बिबड्या काढल्या आणि उगाच पुन्हा पिशवीत ठेवल्या.

हेवा हा शब्द मी मुलांना समानार्थी शब्दांत शिकवलेला आहे. पण तो अंगात कसा वावरतो हे मला त्या घरात कळलं. तो मोठ्या गोष्टींवर बसत नाही. सुनंदाबाईने समुद्राकाठी माझ्या मुलीला आसरा दिला, याबद्दल मला काहीच वाटत नव्हतं. उलट उपकारच वाटत होते. मला सहन होत नव्हतं ते भलतंच. कोमलचा टॉवेल कुठे वाळतो हे तिला माहीत असणं. चहात साखर किती, हे न विचारणं. कोमल शिंकली की तिने आतून म्हणावं, "खिडकी लाव गे," आणि कोमलने ती लावावी.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोमल कड्यावर होती. सुनंदाबाई रातांबे फोडत होती. आमसुलं करायची होती. मीही विळी घेऊन बसले. लाल रस मनगटापर्यंत ओघळत होता. ती सहज बोलून गेली, "गेल्या मार्चात कावीळ झाली तेव्हा ह्या चेडवाक मी महिनाभर फक्त पेज आणि ह्या रातांब्याचं पाणी दिलंय."

चेडू म्हणजे मुलगी, एव्हाना मला कळू लागलं होतं. "कोणाले झाली कावीळ?" मी विचारलं.

ती थांबली. माझ्याकडे बघून तिला कळलं की मला माहीत नाही. "कोमलाक," ती हळू म्हणाली. "तुमका सांगूक नाय तिना?"

मार्च. मी परीक्षा केंद्रावर होते. सकाळी फोन जमा करायचा, दुपारी परत घ्यायचा. संध्याकाळी तिचा फोन यायचा, आवाज बारीक असायचा. विचारलं तर म्हणायची, "उन्हानं थकून राह्यली." आणि मी मान्य करून तिला दिवसभराचं सांगत बसायची, अमक्या वर्गात पंखा नाही, तमक्या पोराने कॉपी केली. तेव्हा ती पिवळी पडून ह्या बाईच्या खाटेवर झोपली होती.

मला दुःख व्हायला हवं होतं. झाला संताप. आणि तो कोमलवर न जाता समोर लाल हातांनी बसलेल्या त्या बाईवर गेला. तिने तर पुढे मायेनेच विषय बदलला. म्हणाली, "पुढच्या वर्षी तिका आतली खोली देतलंय. वाऱ्याची आसा. बरा वाटात."

मी विळीवरून हात न काढता म्हटलं, "पुढल्या वर्षी नाही येत ती. सोयरीक जुळून राह्यली तिची. पावसाच्या आधी नेतो आम्ही."

एवढं खोटं मी जन्मात बोलले नव्हते. सोयरीक तर सोडाच, कुणी विचारलंही नव्हतं. ते वाक्य मी ठरवून बोलले नाही, पण बोलल्यावर परतही घेतलं नाही. सुनंदाबाईने एक रातांबा फोडला. मग दुसरा. "बरा झाला," ती म्हणाली, "चांगला घर मिळांदे." आणि उठून हात धुवायला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतरचे दोन दिवस मी सुखात होते. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे. सुनंदाबाई कोमलशी कामापुरतं बोलू लागली. तिला वाटलं असणार की मुलीने एवढी मोठी गोष्ट आपल्यापासून लपवली. संध्याकाळी ती पायरीवर बसली नाही. कोमल तेलाची वाटी घेऊन अंगणात रेंगाळली आणि शेवटी माझ्याकडे आली. "आई, तू लावते का?" मी लावलं. अगदी हलक्या हाताने लावलं. तिच्या केसांना वाऱ्याचा आणि मिठाचा वास होता. "आयेचं काय बिनसलं कोणास ठाऊक," ती म्हणाली. मी गुंता सोडवत राहिले.

त्या दोन दिवसांनंतरच्या सकाळी कड्यावर निघताना सुनंदाबाईने कोमलच्या हातात एक साडी ठेवली. जांभळी, बारीक काठाची. तिच्या स्वतःच्या पेटीतली, एकदाही न नेसलेली. "लग्नाक माका बोलवशीत काय नाय ठाऊक नाय," ती म्हणाली. "म्हणान आताच देतंय. आणि दोन्ही खोल्यो मी शाळेतल्या नव्या मास्तरणींका सांगितलंय. जूनापासून."

मी दारातच उभी होते. कोमलने साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. साडी खाटेवर ठेवली, दुर्बीण गळ्यात घातली आणि मला म्हणाली, "चाल."

सडा ओलांडेपर्यंत ती पुढे आणि मी मागे. कड्याजवळ पोचल्यावर तिने रोजच्या जागी बसकण मांडली, वही उघडली, वेळ लिहिली. सुळक्यावर तोच कल्ला. वही मांडीवर ठेवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू सांगतलं?"

"हाव."

"काऊन?"

तिच्या टॉवेलबद्दल सांगू, की चहातल्या साखरेबद्दल? मी म्हटलं, "तू महिनाभर कावीळनं पडून होती अन् मले कोणी सांगतलं नाही. मी काय मेली होती?"

"मी नाही म्हटलं होतं सांगायले," ती म्हणाली. "ती रोज म्हणे, आईक फोन कर. एक दिवस तिनं स्वतःच फोन उचलला तुले लावायले. मी तिच्या हातातून काढून घेतला. तुझ्या परीक्षा होत्या, बाबाचं कारलं तोडणीले आलं होतं. तुम्ही दोघं सारं टाकून पळत आले असते. अन् मले इथून घेऊन गेले असते."

"गेलोच असतो."

"तेच तं."

वाऱ्याने वहीची पानं फडफडली. तिने त्यावर दगड ठेवला. तिचे डोळे भरले होते, तरी तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. मग म्हणाली, "आई, मी आता नाही सांगणार तिले काही. तू सांगतलं, तूच जाऊन सांग. आत्ता जा."

"तू चाल ना संगं."

"मी इथून हलू शकत नाही. बाराले पाळी बदलते त्याइची. मले लिहायचं आहे."

तर मी एकटीच परत निघाले. तो सडा सकाळी किती लहान वाटला होता. उन्हात तापलेल्या दगडावरून चालताना मी चार वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. वर्गात खोटं बोललेल्या पोराला उभं करून मी किती वेळा म्हटलं असेन, सांग, काय झालं ते सरळ सांग. सरळ सांगणं किती कठीण असतं, ते त्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

सुनंदाबाई मागच्या दारी रातांब्याच्या साली उन्हात पसरत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "सोयरीक नाही जुळली. कोणी पाहायलेबी आलं नाही. मी खोटं बोलली."

तिचा हात थांबला. "कित्याक?" तिने विचारलं. का, म्हणून.

"ती तुमाले आये म्हणते," मी म्हटलं. एवढंच आलं तोंडातून. बाकी काही जुळवलेलं आठवलं नाही.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने पदराला हात पुसले आणि पायरीवर बसली. शेजारी जागा केली नाही, पण हलली तेव्हा जागा झाली. मी बसले. सालींवर माश्या घोंगावत होत्या. ती बोलली ते माझ्याशी नाही, अंगणाशी बोलल्यासारखं.

"सांजचा तुमका फोन लावता ना ता, तेव्हा ता वेगळाच चेडू असता. खदखदून हसता. माझ्याकडे असा कधी हसूक नाय. तुमचा बोलणा माका अर्धाअधिक कळत नाय. मी भांडी घासूची थांबवतंय. काय बोलता ता ऐकूक." मग म्हणाली, "कधीकधी मुद्दाम भांडी आदळलंय. म्हणजे फोन लवकर ठेवीत."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला ते भांड्यांचे आवाज आठवले. फोनवर मी कितीदा विचारलं होतं, "काय पडलं वं तिकडं?"

आम्ही एकमेकींची क्षमा वगैरे मागितली नाही. मी साली पसरायला लागले, तिने मिठाचं भांडं पुढे सरकवलं. दुपारी कोमल आली तेव्हा आमचे दोघींचे हात लाल होते. तिने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेवायले काय आहे?" कोणाला विचारलं, ते कळलं नाही. आम्ही दोघीही उठलो.

वाऱ्याची खोली मात्र गेली ती गेलीच, आणि तिच्याबरोबर कोमलची जुनी खोलीही. मास्तरणींना दिलेला शब्द सुनंदाबाईने मोडला नाही, आणि मोडावा असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? पुढच्या वर्षी कोमल मागच्या पडवीत राहिली, लाकडं आणि नारळाच्या सोललेल्या सोडणांच्या शेजारी. पत्रा तापायचा. माझ्या एका वाक्याची किंमत ती पूर्ण एक उन्हाळा घामाघूम होऊन देत राहिली आणि फोनवर एकदाही बोलली नाही. मला ते सुनंदाबाईकडून कळलं. कारण त्या वर्षीपासून ती मला स्वतः फोन करते. पोरगी जेवली की नाही, खोकते आहे का, सगळं सांगते. तिने सांगितलं की मला बरं वाटतं, आणि ते तिला माझ्याआधी माहीत होतं म्हणून जरासं वाईटही वाटतं. हे गेलेलं नाही. जाईल असं आता मी धरूनही चालत नाही.

यंदा कोमल कोकणात नाही. सरांनी तिला अंदमानच्या बाजूच्या एका बेटावर पाठवलंय. तिथे म्हणे याहून उंच कडे आहेत, याहून जास्त सुरया आहेत, आणि नेटवर्क नाही. होडी बाजारहाटाला मोठ्या बेटावर येते तेव्हाच फोन. मागच्या आठवड्यात पाच दिवस काहीच आलं नाही. रोज सकाळी सुनंदाबाईचा फोन. "तुमका फोन इलो काय?" मी म्हणायची, "नाही वं बाई. तुमाले?" "माकाही नाय." मग आम्ही दोघी थोडं गप्प राहायचो. त्या गप्प राहण्यात काळजी होती, हे तर खरंच. पण तिलाही आलेला नाही, याचा एक बारीकसा दिलासाही होता. तिच्याकडेही तो असणार.

सहाव्या दिवशी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, कोमलचा फोन आला. मला. आवाज तुटत होता. बरी आहे, ऊन फार आहे, कडा पाहायला तू यायला पाहिजे होतं, एवढं बोलली. मग म्हणाली, "आई, होडी निघून राह्यली. आयेले तू सांगून दे ना, मी बरी आहे म्हणून." आणि फोन कट झाला.

मी व्हरांड्यात उभी राहिले. मैदानात पोरं धुळीत लंगडी खेळत होती. फोन हातात गरम झाला होता. मला आला होता, आधी मला. मी ती खुशाली जवळ ठेवून घेतली. घंटा होईपर्यंत, चांगली दहा मिनिटं.

मग फोन लावला. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत सुनंदाबाईने उचलला.